लांब माल आडवा नको नेऊस गं

आधी पाणी पी, खुर्ची ओढून बस, मग वाच. मामंजींनी बनारसजवळच्या रामनगरच्या लोखंडाच्या यार्डाच्या किल्ल्या तुझ्या हाती दिल्या आणि तू हबकलीस, यात नवल काय गं? ६ मीटरचे पाइप, १२ मीटरच्या सळ्या, अँगल, चॅनेल, मधेच कुणाच्या तरी शेडचा वेडावाकडा ट्रस. हे सगळं हलवायला एक जुना फोर्कलिफ्ट, अधूनमधून भाड्याने येणारी हायड्रा क्रेन आणि पल्लेदारांचे खांदे. त्यात विक्रेता साइडलोडरचं रंगीत पुस्तक टेबलावर ठेवून गेला, आणि घ्यावा की नाही या विचाराने तुझी झोप उडाली. खरं सांगू का, तो प्रश्न नंतरचा. आधी तुझ्या यार्डात नेमकं काय अडतंय ते बघू.

तुला वाटतंय माल जड आहे. जड नाही गं, लांब आहे. हिशेब करून बघ. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, १६२ ने भाग; मीटरला किती किलो ते निघतं. १६ मिलिमीटरची सळी मीटरला दीड किलोच्या थोडी वर जाते, म्हणजे १२ मीटरची एक सळी साधारण १९ किलो. अशा १०० सळ्यांचा गठ्ठा दोन टनांच्या आतच राहतो. तुझा ३ टनी फोर्कलिफ्ट तो उचलेल की, कागदावर काहीच अडचण नाही. अडचण सुरू होते ती गाडी हलल्यावर. काट्यांवर आडवा पडलेला १२ मीटरचा गठ्ठा, त्याचं प्रत्येक टोक गाडीच्या मध्यापासून ६ मीटर लांब. ऑपरेटरने गाडी नुसती १० अंश वळवली की ते टोक मीटरभर झाडू मारल्यासारखं फिरतं. तिथे माणूस उभा असेल, रॅकचा पाय असेल, ट्रकचा आरसा असेल. वर पुन्हा सळ्यांची टोकं खाली लोंबतात, खड्ड्यात चाक गेलं की उसळतात, आणि गठ्ठा काट्यांवर सरकतो.

मग ऑपरेटर काय करतो? कुणाला लागू नये म्हणून माल उंच धरतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण माल जितका उंच, तितकी गाडी बाजूला कलंडायला सोपी. फोर्कलिफ्ट उलटल्या की लोक म्हणतात, जास्त वजन घेतलं असेल. पुष्कळदा वजन मर्यादेतच असतं. उंच धरलेला रुंद माल आणि एक वळण एवढं पुरतं. म्हणून साइडलोडर घेशील न घेशील, पण माल उंच धरून चालणं तुझ्या यार्डात आजपासून बंद. हे मात्र माझं ऐकायचंच.

आता बघ, पाडव्याला तुमच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीतून गुढीची काठी घरी येते, तेव्हा आणणारा ती आडवी धरतो का? अंगालगत, चालण्याच्या दिशेने धरतो, म्हणून ती दीड हाताच्या बोळातूनही निघते. साइडलोडर म्हणजे एवढंच. माल गाडीच्या पुढे आडवा नाही, गाडीच्या कडेला, तिच्या लांबीच्या दिशेने. ड्रायव्हरची केबिन पुढच्या एका कोपऱ्यात, आणि मधोमध एक खाच. त्या खाचेत मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा खांब, उभा असतो आणि रुळांवरून तो आडवा बाहेर सरकतो. रॅकशी समांतर गाडी लावायची, मास्ट बाहेर काढायचा, काटे मालाखाली घालायचे, थोडं उचलायचं, मास्ट आत ओढायचा आणि माल गाडीच्या पाटावर टेकवायचा. मग निघायचं. चालताना वजन काट्यांवर नसतं, पाटावर असतं, यातच निम्मी सुरक्षितता आहे. मास्ट बाहेर काढलेला असताना, किंवा माल अधांतरी असताना गाडी इंचभरही पुढे नेऊ द्यायची नाही.

हे यंत्र लाकडाच्या वखारी आणि लोखंडाच्या यार्डांसाठीच वाढलं. इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड नावाच्या गावी बोमन-शॉ भावांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लान्सर बॉस ही कंपनी काढली आणि साइडलोडरवरच नाव कमावलं. पुढे १९९८ मध्ये आयर्लंडच्या मोनहनमध्ये कॉम्बिलिफ्ट सुरू झाली. त्यांच्या गाडीची चाकंच वळतात, म्हणजे तीच गाडी पुढेही जाते आणि खेकड्यासारखी आडवीही. आपल्या विक्रोळीत गोदरेजचे फोर्कलिफ्ट कित्येक वर्षं बनतायत, पुण्याकडेही कारखाने आहेत; पण तुला गोदामांतून सर्रास दिसतो तो साधा, पुढे काटे आणि मागे वजन असलेला. साइडलोडर त्या मानाने दुर्मीळ. त्याचे सुटे भाग आणि मिस्त्री बनारसला किती तासांत पोचतील, हा प्रश्न किमतीच्या आधी विचार.

जागेचं गणित सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. ६ मीटरचा पाइप आडवा धरून न्यायचा तर गल्ली ६ मीटरपेक्षा रुंद हवी, दोन्ही बाजूंना हातभर मोकळीक धरून ७ मीटर म्हण. साइडलोडरला गल्ली लागते ती त्याच्या स्वतःच्या रुंदीपुरती आणि वर थोडी मोकळीक. यंत्र अडीच मीटर रुंद असेल तर ३ मीटरच्या आसपास भागतं. म्हणजे आज तुझ्या एका गल्लीत उद्या दोन गल्ल्या बसतात, मधे रॅकची आणखी एक ओळही निघते. विक्रेत्याने हे तुला नक्कीच सांगितलं असणार, आणि ते खरंही आहे.

त्याने कदाचित सांगितलं नसेल ते मी सांगते. साध्या साइडलोडरचा हात एकाच बाजूला निघतो. उजवीकडच्या रॅकमधला माल काढला आणि डावीकडचाही हवा असेल, तर गल्लीतून बाहेर पडून, वळसा घेऊन, दुसऱ्या टोकाने आत यावं लागतं. म्हणून गल्ली दोन्ही टोकांना उघडी हवी, आणि कुठेतरी एक अशी मोकळी जागा हवी, जिथे पाटावर माल ठेवलेली पूर्ण लांबीची गाडी वळेल. तुझ्या यार्डाच्या मागच्या भिंतीशी ज्या दोन गल्ल्या जाऊन संपतात ना, त्या आहेत तशा राहिल्या तर साइडलोडर तिथे उलटाच बाहेर येणार, आणि तेही दिवसभर. चारी दिशांना चालणारं यंत्र घेतलंस तर हा त्रास कमी होतो. पण त्याला जमीन आणखी गुळगुळीत लागते, आणि खिशालाही ते जास्त लागतं.

आता जमीन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मशीनची चूक समजून लोक ज्यावर चिडतात ते बहुतेक वेळा जमिनीचं असतं. तुझं यार्ड गंगेच्या गाळावर आहे, बाई. रामनगरचा किल्ला चुनारच्या दगडाचा असला तरी तुझ्या पायाखाली माती आहे आणि ती पावसाळ्यात पाणी पिते. साइडलोडर माल घेताना सगळं वजन काही क्षण गाडीच्या एका कडेला येतं. तो तोल सावरायला त्या कडेला जॅक असतात, ते आधी खाली टेकवायचे आणि मगच माल उचलायचा. त्या जॅकखालची जमीन श्रावणात दबली तर? गाडी झुकते, माल वरच असतो आणि ऑपरेटर केबिनमध्ये. म्हणून रॅकच्या समोरच्या पट्ट्यावर नीट भरणी, वर काँक्रीट, आणि पाणी वाहून जायला उतार असा द्यायचा की तो गल्लीच्या लांबीने जाईल, आडवा नाही. आडवा उतार दिलास तर गाडी कायमची कललेली राहील. हे गवंड्याला दोनदा सांग, तो हो म्हणेल आणि आपल्या सवयीने करेल. म्हणून ट्यूब लेव्हल घेऊन स्वतः उभी राहा.

आणि पूर बघितलायस ना तू? वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे आणि १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. मामंजींना विचार, त्या वर्षी यार्डात पाणी कुठवर आलं होतं, त्यांना ठाऊक असेल. त्या खुणेच्या वर चार्जर, पॅनेल, बॅटरी असं सगळं ठेवायचं. पाणी ओसरल्यावर काँक्रीटखालची माती वाहून गेली का, हे ठोकून बघितल्याशिवाय पहिला गठ्ठा उचलायचा नाही. पोकळ आवाज आला तर तिथे दोरी बांध आणि त्या दिवसापुरती ती गल्ली बंद. धंदा एक दिवस थांबतो, थांबू दे. डिसेंबर-जानेवारीचं धुकंही असंच. सकाळी समोरचं टोक दिसत नसेल तर लांब माल हलवायचा नाही, चहा घ्यायचा. तुझे पल्लेदार तुला दुवा देतील.

लांब मालाची गंमत अशी, की तो मधे टेकवून उचलला की टोकं लोंबतात आणि टोकांना धरून उचलला की मध्य वाकतो. हे आपल्या मुलखाला फार जुनं ठाऊक आहे. सारनाथला तू अशोकाचा तुटलेला स्तंभ पाहिला असशील, तो चुनारच्या वालुकाश्माचा. तिथून तो कसा आणला, ते कुणी लिहून ठेवलं नाही. पण तोप्रा गावचा अशोकस्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीला नेला, त्याचं वर्णन शम्स सिराज अफीफने करून ठेवलंय. १३ मीटर लांब, एकसंध दगड. आधी भोवती सावरीच्या कापसाची गादी घातली, म्हणजे स्तंभ पाडताना तो तिच्यावर अलगद येईल. मग त्याला बोरू आणि कच्च्या कातड्याने गुंडाळलं. आणि गाडा केला ४२ चाकांचा, प्रत्येक चाकाला दोर. पुढचा प्रवास यमुनेतून होड्यांवर. बघ, ४२ चाकं का? लांबीभर आधार मिळावा म्हणून. मला हे फार आवडतं, कारण आज आपण यार्डात लाकडी गुटके ठेवतो ते त्याच विचाराने.

तर गुटके. गठ्ठ्याखाली सारख्या अंतरावर, सगळे एकाच जाडीचे, आणि वरच्या थरातले गुटके खालच्या गुटक्यांच्या बरोबर वर. एखादा जाड, एखादा बारीक असेल तर पाइप वाकतो आणि गिऱ्हाइक परत पाठवतं. काटे शक्य तितके लांब पसरून घालायचे, मालाचा मध्य दोन काट्यांच्या मधोमध. गोल पाइप घरंगळतात, म्हणून दोन्ही कडांना पाचरा, आणि पाटावर ठेवल्यावर रॅचेट बेल्ट, यार्डाच्या आतल्या आत न्यायचं असलं तरी. बेल्ट बांधायला मिनिटभर लागतं, पण ऑपरेटर म्हणेल, 'इतनी सी दूरी के लिए क्या बांधना.' तू हसून म्हणायचं, 'चाचा, मेरे लिए बांध दीजिए.' बांधतात गं.

आता १२ मीटरच्या सळ्यांचं बोलू, कारण साइडलोडरच्या पुस्तकात त्या फार सोप्या दिसतात. पाट सळीच्या निम्म्याएवढाही नसेल तर दोन्ही टोकं बाहेर लोंबणारच, बारीक सळी तर जमिनीला घासेल. माझं मत विचारशील तर यंत्र निवडताना रोज सर्वांत जास्त जो माल फिरतो त्याच्यावर निवड, सर्वांत लांब मालावर नाही. तुझा रोजचा खप ६ मीटरच्या पाइपचा आहे, त्याच्यासाठी साइडलोडर अगदी योग्य. सळ्यांसाठी गेटजवळ छोटी गँट्री क्रेन आणि तिच्याखाली लांब बीम, ज्याला चार ठिकाणी पट्टे लागतील, अशी व्यवस्था कर. गंगेपलीकडे तुझ्याच शहरात बघ ना, डिझेल रेल्वे इंजिन कारखाना, ज्याला २०२० पासून बनारस रेल इंजिन कारखाना म्हणतात. राजेंद्रप्रसादांनी १९५६ मध्ये पायाभरणी केली, १९६४ च्या जानेवारीत पहिलं इंजिन बाहेर पडलं. तिथे बनणारं एक विजेचं इंजिन २० मीटरहून लांब असतं. इतकं लांब धूड छताखालच्या क्रेनच्या भरवशावर हलतं, कारण तिथे माल ठरलेल्या वाटेनेच जातो. तुझा माल रोज वेगळ्या कोपऱ्यातून वेगळ्या ट्रकवर जातो. ज्या मालाची वाट ठरलेली, त्याला क्रेन. ज्याची वाट रोज बदलते, त्याला साइडलोडर.

हायड्राबद्दल एक वाक्य. उभी राहून उचलायला ती चालेल, पण हुकाला लांब गठ्ठा लटकवून तिने यार्डभर फिरायचं नाही. लटकलेला माल झुलतो, आणि तो सांभाळायला जो माणूस शेजारून हात लावून चालतो, तोच अपघातात सापडतो. साइडलोडर येईपर्यंत फिरवावंच लागलं तर माल जमिनीलगत, दोन्ही टोकांना लांब दोर, आणि दोर धरणारा मालापासून दूर.

ट्रक भरताना साइडलोडरचा खरा आनंद कळतो. ट्रकचा बाजूचा फाळका पाडायचा, गाडी समांतर लावायची आणि अख्खा गठ्ठा एकदम आत. मागून एकेक सळी खेचत, कर्कश आवाज करत भरायची गरज नाही. मागे बाहेर आलेल्या सळ्यांवर केंद्राने २०१४ मध्ये बंदी घातली, हे तुझ्या वाहतूकदाराला ठाऊक आहे. तरी 'एवढंसं तर आहे' म्हणत कुणी छोटा ट्रक घेऊन आला तर माल देऊ नकोस. गिऱ्हाइक रागावलं तर माझं नाव सांग.

माणसांचं बोलायचं राहिलं, आणि तुला सर्वांत जास्त धास्ती त्याचीच आहे हे मला कळतंय. साइडलोडर येणार म्हटल्यावर पल्लेदार गप्प झाले ना? होणारच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी हे खूप पाहिलंय. आपल्याकडे महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, हमालाच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला, दवाखान्याला आधार मिळाला. तो महाराष्ट्राचा कायदा तिकडे नाही, तेव्हा तुझ्या यार्डात तुला जे जमेल ते तू स्वतःहून कर. यंत्र येण्याआधी त्यांना बसवून सांग, कुणालाही घरी पाठवणार नाही, कामं बदलतील. गुटके लावणं, पट्टे बांधणं, गठ्ठे मोजणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, इशारा देणं. साइडलोडरच्या ऑपरेटरला मालाच्या बाजूचं नीट दिसत नाही, मास्ट आणि माल आडवा येतो. तिकडे एक माणूस शिट्टी आणि झेंडी घेऊन हवाच, आणि तो असा हवा ज्याचं सगळे ऐकतात. तुमच्याकडचे ते सर्वांत जुने पल्लेदार, ज्यांचा गुडघा आता दुखतो, त्यांना हे काम दे. खांद्यावरचं ओझं उतरेल आणि मानही राहील. खरं सांगू का, यार्डातले निम्मे अपघात त्यांच्या एका शिट्टीने टळतील असं मला वाटतं.

ऑपरेटर चाचांना नवीन यंत्रावर थेट बसवू नकोस. त्यांचा हात साध्या फोर्कलिफ्टवर बसलाय, तिथे मागचं चाक वळतं, पुढे बघून काम होतं. इथे सगळं बाजूला बघून. विक्रेत्याकडून प्रशिक्षण लेखी मागून घे, रिकाम्या गाडीने सुरुवात, मग एकच पाइप, मग गठ्ठा. यंत्रावरची क्षमतेची पाटी हिंदीत मोठ्या अक्षरांत रंगवून केबिनमध्ये लाव. पाटीवर मास्ट आत असताना किती, बाहेर असताना किती, जॅक टेकवून किती आणि न टेकवता किती, हे वेगवेगळे आकडे असतात. त्यांतला सर्वांत छोटा आकडा सगळ्यांना तोंडपाठ हवा.

विक्रेत्याला परत बोलावशील तेव्हा एकटी बसू नकोस, मामंजींना बसव. यंत्र तुझ्या यार्डात, तुझ्या जमिनीवर, तुझ्या पाइपांसह चालवून दाखवायला सांग. त्याच्या शोरूमची फरशी बघून ठरवायचं नाही. महिना-दोन महिने भाड्याने मिळत असेल तर आधी तेच घे. पावसाळ्यात मिळालं तर फारच उत्तम, जमिनीची परीक्षा तेव्हाच होते. वापरलेलं यंत्र स्वस्त पडतं, पण मास्ट ज्या रुळांवर सरकतो ते झिजलेत का, जॅकमधून तेल गळतंय का, हे ओळखीच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि घाबरू नकोस गं. जी मुलगी सामनेघाटच्या पुलावरून रोज स्कूटी काढते, मुलाची शाळा, यार्डाची चलनं आणि घरातला नैवेद्य एकाच सकाळी उरकते, तिला तीन मीटरची गल्ली आखता येणार नाही का? तू फक्त उद्या सकाळी माल हलायच्या आत टेप घेऊन जा. दोन रॅकमधलं अंतर तीन ठिकाणी मोज, सुरुवातीला, मधे आणि शेवटी, कारण जुने रॅक सरळ रेषेत नसतात. गेटची रुंदी, शेडच्या सर्वांत खालच्या पत्र्याची उंची, मागच्या भिंतीपासून शेवटच्या रॅकपर्यंतचं अंतर आणि आठवडाभरात कुठल्या लांबीचा माल किती निघाला याची यादी मला फोनवर पाठव. भिंत किती पाडायची ते मग ठरवू.